पिंपं बांधणाऱ्यांची जुनी हत्यारं : आठ महिने वापरल्यावर

गेल्या ऑक्टोबरात इथे यॉर्कशायरमध्ये एका लिलावात ही पेटी घेतली. चिठ्ठीवर फक्त ‘सुताराचे जुने रंधे’ असं लिहिलेलं. खरं तर ही कूपरची, म्हणजे ओकची पिंपं बांधणाऱ्या कारागिराची हत्यारं. त्यांच्यावर बादल्या करायला शिकतोय, म्हणून हे सविस्तर लिहितो.

पहिला रंधा आडवा वाकलेला निघाला, चंद्रकोरीसारखा. ओल लागून वाकला असणार असं वाटून तो बाजूला ठेवला. डिसेंबरात सहज बागेतल्या अर्ध्या पिंपाच्या काठावर टेकवला आणि तो काठाच्या गोलाईला धरून सरळ फिरत गेला. फळ्यांची टोकं एका पातळीत आणणारा हा टॉपिंग प्लेन. तेव्हापासून ओळख न पटलेलं प्रत्येक हत्यार मी आधी पिंपाला लावून बघतो.

क्रोझ तसाच ओळखला. अर्धगोल पाट काठावर टेकतो, खालचं दातेरी पातं आतून फिरतं आणि काठापासून सगळीकडे सारख्या अंतरावर खाच पडते. त्या खाचेत तळाची फळी बसते. आधी चिव्ह नावाचा रंधा फिरवून आतला पट्टा गुळगुळीत करावा लागतो. मी पहिल्या बादलीला ते केलं नाही, खाच कुठे खोल कुठे उथळ झाली आणि तळ बसलाच नाही.

अ‍ॅड्झ म्हणजे आपला वाकसच, पण दांडा जेमतेम वीतभर. पिंपाच्या आत लांब दांडा फिरणार कुठे? हिवाळ्यात घर गरम ठेवल्याने लाकूड सुकून माझा दांडा दोनदा सैल झाला, तेवढं सांभाळा. ड्रायव्हर, म्हणजे पिंपाचं लोखंडी कडं ठोकून सरकवायचं हत्यार, आणि जहाजाच्या फटी बुजवायची छिनी यांत लोक फार गल्लत करतात. ड्रायव्हर जाड असतो आणि त्याच्या धारेला बारीक खोबण असते, म्हणजे लोखंडी कड्यावरून घसरत नाही. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून चढवतात. हे कडं मात्र थंडच ठोकतात, कारण पीप मधोमध फुगीर असतं आणि कडं जितकं पोटाकडे सरकेल तितकं आवळतं. स्कॉटलंडमध्ये क्रेगेलाखीला स्पेसाइड कूपरेज हा पिंपांचा कारखाना आहे, 1947 पासूनचं. कूपर काम करताना बघायचे असतील तर तिथे जरूर जा.

जॉइंटर वेगळा घेतला. साडेपाच फुटी रंधा, तळ वर, एका टोकाला दोन पाय. विकणाऱ्याने तो बाक म्हणून लावला होता! यात रंधा हलत नाही, फळीच त्याच्यावरून ढकलायची. पहिले दोन महिने खांदे दुखले, पण सांधे असे जुळतात की उजेड आरपार दिसत नाही.

नव्याने घेणाऱ्यांनी गंज बघून बिचकू नये, तो निघतो. क्रोझचे दात झिजलेत का, एवढं मात्र हातात घेऊन बघा.

एक दुबेळकं लोखंड मेपर्यंत ओळखलं नव्हतं. मग तिसरी बादली एका सांध्यातून झिरपायला लागली. कडं सैल करून ते लोखंड फळीला अडकवलं, फट उघडली आणि वाळलेली लव्हाळ्याची पात आत सरकवली. फ्लॅगिंग आयर्न. कडं परत ठोकून बादली रात्रभर भरून ठेवली. सकाळी खालची फरशी कोरडी होती.