समोरच्या दातातलं सिमेंट: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

वरच्या समोरच्या दाताचा कोपरा तुटला, तेव्हा पोर्सेलीनची कॅप की दाताच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे कॉम्पोझिट, असा प्रश्न होता. कॅपसाठी चांगला दातही चहूबाजूंनी घासावा लागतो, म्हणून मी कॉम्पोझिट घेतलं. त्याच सुमारास एका दाढेवर पक्की कॅप तयार होईपर्यंत पाच आठवडे ॲक्रिलिकची तात्पुरती कॅप होती. दोन्ही शेवटी प्लास्टिकच्याच जातीची, त्यामुळे दोन्हींबद्दल लिहिते.

पहिल्या दिवशी आरसा बघून रडूच आलं. भरलेला कोपरा बरोबर होता, पण माझा स्वतःचा दात खडूसारखा पांढराफटक दिसत होता आणि त्याच्याशेजारी सिमेंट मळकट वाटत होतं. डॉक्टर म्हणाल्या, "दोन दिवस थांबा, दात सुकलाय." काम चालू असताना दात रबराच्या पडद्याने कोरडा ठेवतात. इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातलं, पाणी उडालं की दात पांढरा दिसतो आणि लाळेत राहिला की परत मूळ रंगावर येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी जोड कुठे आहे ते मलाच सापडेना. त्यांनी शेड, म्हणजे सिमेंटच्या रंगाची छटा, सुरुवातीलाच, दात ओला असताना जुळवली होती म्हणून हे जमलं. दात सुकल्यावर शेड बघितली असती, तर सिमेंट कायमचं जास्त पांढरं राहिलं असतं. तेव्हा शेड कधी बघणार, हे खुर्चीत बसल्याबसल्याच विचारा.

पाणी पिणं हा या मटेरियलचा स्वभावच आहे, आणि डागांचं मूळही तिथेच आहे. कॉम्पोझिट म्हणजे काचेचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. काच पाणी पीत नाही, रेझिन पितं. त्यातला मुख्य रेणू बिस-जीएमए. अमेरिकन दंतसंशोधक राफेल बोवेन यांनी १९६२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि आजही बरीच कॉम्पोझिट त्यावरच उभी आहेत. तो मधापेक्षाही घट्ट असतो, म्हणून पातळ करायला टेगडीएमए नावाचा दुसरा रेणू घालतात, आणि हा टेगडीएमए पाण्याला चांगलाच ओढतो. यूडीएमए हा रेझिनमधला आणखी एक रेणू त्या मानाने कमी ओढतो. अशा सिमेंटसाठीच्या आयएसओ ४०४९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सात दिवस ठेवलेल्या नमुन्याने दर घन मिलिमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पाणी शोषायचं नाही. एक घन मिलिमीटर कॉम्पोझिट साधारण दोन मिलिग्रॅम भरतं, म्हणजे वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत पाणी चालतं. निळ्या लाइटने कडक होताना सिमेंट दोन-तीन टक्के आक्रसतं. पाण्याने ते किंचित फुगतं आणि ती तूट थोडी भरून निघते, एवढा त्याचा फायदा. पण पाण्याबरोबर रंगही आत शिरतो.

पाचव्या महिन्यात बहिणीने विचारलं, "अगं, हा दात पिवळा पडलाय का?" मी दिवसाला तीन कप कॉफी पिते. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून आरशात बघितलं, तर मधला भाग अजून काचेसारखा चकचकीत होता. हिरडीजवळ मात्र एक पट्टा निस्तेज होता आणि पिवळेपणा नेमका त्याच पट्ट्यात होता. जीभ फिरवली तर तिथे खरखरीत लागत होतं.

एका दवाखान्यात बघताक्षणी "सगळं काढून नवीन भरू" असं सांगितलं. मला ते पटलं नाही. प्रत्येक वेळी जुनं सिमेंट उकरताना थोडा चांगला दातही जातो. मी माझ्या पहिल्या डॉक्टरांकडे परत गेले. त्यांनी सांगितलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा पातळ थर लाइटखाली नीट कडक होत नाही, आणि तो घासून काढला नाही तर तिथेच आधी डाग धरतो. हिरडीला लागेल म्हणून तेवढा पट्टा पॉलिश करायचा राहिला होता, हे त्यांनी सरळ मान्य केलं. मग जाड ते बारीक अशा डिस्क आणि शेवटी पेस्ट, दहा मिनिटांत पिवळेपणा गेला. तो आत मुरलेला नव्हताच.

मुरलेला डाग कसा असतो, ते तात्पुरत्या कॅपने दाखवलं. काढताना ती कापावी लागली, तिचे दोन तुकडे झाले. ते मी मागून घरी आणले. एक कोऱ्या चहात, एक काळ्या कॉफीत, आठवडाभर, रोज नवीन चहा-कॉफी घालून. चहातला तुकडा बाहेर काढला तेव्हा जास्त काळा दिसत होता, पण ब्रशने घासल्यावर बराचसा उजळला. कॉफीतला दिसायला फिका, पण कितीही घासला तरी पिवळाच राहिला. चहाचा रंग मुख्यतः पृष्ठभागावर चिकटतो; कॉफीतले काही पिवळे रंग रेझिनमध्ये आतपर्यंत शिरतात. कापलेली कड भिंगाखाली बघितली, तर पिवळेपणा खरंच थोडा आत गेलेला दिसला. पाच आठवड्यांसाठी ॲक्रिलिक ठीक आहे, पण पक्की कॅप यायला उशीर होणार असेल तर आधीच सांगायला हवं.

तेव्हापासून कॉफीनंतर लगेच पाण्याने चूळ भरते. कोळशाची टूथपेस्ट बंद केली, कारण ती पॉलिश खाते. हिरडीसाठी दोन आठवडे क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश वापरला, तेव्हा तपकिरी डाग आले होते. ते साफसफाईत निघाले. आणि दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते सिमेंट भरण्याआधी करा, आणि मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. ब्लीचने दात उजळतो, सिमेंट आहे त्याच रंगाचं राहतं.

आज चौदा महिने झाले. समोरून बघणाऱ्याला काही कळत नाही. आतल्या बाजूला, जिभेकडे, जोडावर केसाएवढी तपकिरी रेघ आली आहे, आणि ती पॉलिशने गेली नाही. तिथे रंग कडेच्या फटीत उतरलाय. रेघ म्हणजे कीड असं नाही. डॉक्टरांनी टोकदार हत्याराने तपासलं, जागा टणक लागली. त्यांनी फोटो काढून ठेवलाय, सहा महिन्यांनी तोच कोन धरून दुसरा काढायचा ठरलाय.