ब्रँडीवाइन तडकतो, आणि पाकिटावर कुणी लिहीत नाही

एक जोरदार सर आली आणि दुसऱ्या दिवशी पिकत आलेले जवळजवळ सगळे ब्रँडीवाइन टोमॅटो देठाभोवती गोल तडकलेले. बी विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर उत्तर काय? "वाणाचा स्वभावच तसा आहे." मग पाकिटावर नुसतं चवीचं गुणगान कशाला? एवढे पैसे मोजल्यावर स्वभावाबद्दल एक ओळ छापायला काय जात होतं!

मुळांना एकदम पाणी मिळालं की गर भराभर फुगतो आणि पातळ साल तेवढी ताणली जात नाही, म्हणून फळ फुटतं. फळं उशिरा, तीही मोजकी, त्यात ही तऱ्हा. हंगामाच्या मध्यावर एअरलूमचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बी धरून जपलेल्या वारशाच्या वाणांचा, नाद सोडायचं ठरवलंच होतं.

तेवढ्यात चेरोकी पर्पल हा दुसरा वाण पिकला. कापल्यावर आत विटकरी-जांभळा गर आणि बियांभोवती हिरवट जेली. पिकतानाही हरितद्रव्य पूर्ण जात नाही, त्यामुळे हा मळकट रंग. चव गोड, दाट, किंचित धुरकट. 1990 साली अमेरिकेतल्या टेनेसीहून क्रेग लहूलियर या टोमॅटो-संग्राहकांना टपालाने याचं बी आलं. मूळ चेरोकी या तिथल्या आदिवासी लोकांकडचं, असं पाठवणाऱ्याचं म्हणणं. हाही तडकतो, पण कमी. त्यानंतर तडकलेला ब्रँडीवाइनही भेगेचा भाग काढून खाल्ला. आंबटगोड चव अशी जमलेली, की राग निम्मा उतरला.

उरलेला निम्मा ग्रीन झेब्रावर. 'एअरलूम संच' म्हणून विकतात आणि आत टॉम वॅग्नर या वाण-पैदासकारांनी 1983 मध्ये बाजारात आणलेला वाण! आंबट आहे, छान आहे, पण वारशाचा कसला? बी धरलं तर पुढच्या वर्षी तसाच येतो, म्हणून सोडून दिलं.

पैसे वसूल होतात ते इथेच. बी जेलीसकट दोन-तीन दिवस आंबवायचं, धुऊन वाळवायचं, की पाकिटाचा खर्च संपला. ब्रँडीवाइनच्या फुलात मात्र कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, बरेचदा बाहेर डोकावते आणि परक्या परागाशी संकर होऊ शकतो. बियांसाठीच्या फुलांना कळीतच जाळीची पिशवी बांधा.

आता फळाला रंग फुटला की लगेच तोडून घरात पिकवतो. फ्रीजमध्ये नाही, थंडीने वास मरतो. पुढच्या खेपेला ब्रँडीवाइनचं एकच रोप, बाकी सगळी जागा चेरोकी पर्पलला. त्या विक्रेत्याकडून पुन्हा काही घेणार नाही. गरजच उरली नाही.