४०३५०५ ते ५९८ : नातीच्या शाळेचं वाचनालय

निवृत्त झालो आणि साडेबाराला नातीला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी आपला बारालाच पोचायचो, कारण पस्तीस वर्षं गोव्यातल्या साखळी गावात टपाल वाटलेल्या माणसाला उशीर सोसत नाही. मग नळाशेजारच्या खोलीच्या पायरीवर बसून राहायचो. ती खोली म्हणजे शाळेचं वाचनालय. या गोष्टीला तीन वर्षं झाली. आता दर बुधवारी मी आत बसतो, पुस्तकांवर परतीच्या तारखेचा शिक्का मारायला. तेव्हा हा अभिप्राय काही अगदी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या लहानपणी शाळेचं वाचनालय म्हणजे हेडमास्तरांच्या पाठीमागचं एक काचेचं कपाट. किल्ली त्यांच्या जानव्याला. इथे कपाटांना दारंच नाहीत. सगळ्यात वरचा खण माझ्या कमरेपाशी संपतो. पहिलीच्या मुलांची पुस्तकं उभी खुपसलेली नाहीत, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडलेली आहेत. ज्याला अजून वाचता येत नाही, तो चित्र बघूनच निवडणार ना! पुस्तक काढलं की त्या जागी पुठ्ठ्याची पट्टी घालायची, तिच्यावर आपलं नाव. नाही आवडलं तर पुस्तक परत पट्टीच्या जागी. पहिला महिनाभर मुलं एवढंच शिकतात, पट्टी घालायची नि काढायची. मला हे फार पटलं. पत्र चुकीच्या खणात गेलं की ते हरवलंच समजायचं, मग ते पोस्टाच्या आतच का असेना.

पुस्तकांवरचे विषयाचे आकडे शिकवायला दुसरीच्या शेवटी सुरुवात होते. वेगळा ग्रंथपाल नाही. तिसरीच्या टीचरच सगळं सांभाळतात. त्या एकदा म्हणाल्या, "भाऊ, मुलांना जरा पिनकोड समजावून सांगाल?" मी फळ्यावर लिहिलं, ४०३५०५. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड नि आपला गोवा. ४०३ म्हटलं की फक्त गोवा. पुढचे ५०५ म्हणजे साखळी. पत्र एकेका आकड्यानं जवळ येत येत तुमच्या पोस्टात पोचतं. टीचरनी त्याच्या खाली ५९८ लिहिलं. ५ म्हणजे विज्ञान, ५९ म्हणजे प्राणी, ५९८ म्हणजे पक्षी. मुलं पटकन उठली नि पक्ष्यांच्या खणापाशी जाऊन उभी राहिली. ही पद्धत ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली काढली. आमचा पिनकोड १९७२ चा. मला उगाचच थोडं वाईट वाटलं.

पण त्या पद्धतीचीही एक फजिती आहे. मराठी साहित्याला तिच्यात आकडा मिळालाय ८९१.४६. म्हणजे मराठीतल्या सगळ्या गोष्टी एकाच पत्त्यावर, अख्ख्या वाड्याला एकच घर नंबर! म्हणून गोष्टींना इथे रंगीत चिकटपट्ट्या आहेत. लाल म्हणजे पानावर एखादी ओळ, पिवळी म्हणजे चार-सहा ओळी, हिरवी म्हणजे चित्र कमी नि मजकूर जास्त. लोककथा मात्र ३९८ मध्ये, राजकारण नि कायद्याच्या घराण्यात. तसं का, ते टीचरनी मला दोनदा समजावलं. मला अजून पटलेलं नाही.

पुस्तक निवडायची एक युक्ती मुलांना शिकवलेली आहे. मधलंच एखादं पान उघडायचं नि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. मूठ वळली तर पुस्तक अजून जड आहे. तरी कुणी हट्ट धरला तर टीचर देतात, फक्त विचारतात, "घरी वाचून दाखवायला कोण आहे?" माझी नात दर वेळी छाती पुढे काढून सांगते, "आजो आसा." त्यामुळे हिरव्या पट्टीची पुस्तकं आमच्या घरी माझ्याच घशावर येतात.

आता भाषेबद्दल. आमची मुलं घरी कोंकणी बोलतात, शाळेत मराठी वाचतात, आणि गोष्टींची पुस्तकं बहुतेक पुण्या-मुंबईकडची. मोठ्यानं वाचून दाखवायच्या तासाला टीचर लहान स्टुलावर बसतात, पुस्तक मुलांकडे तोंड करून धरतात, नि पान उलटण्याआधी विचारतात, आता काय होईल? गोष्ट अशी सारखी थांबवलेली मला सुरुवातीला आवडायची नाही. एका बुधवारी गोष्टीत मगर आली. मागच्या रांगेतला एक पोर ओरडला, "मानगें!" मला वाटलं, आता त्याला गप्प करणार. टीचरनी चिठ्ठी घेतली, 'मगर = मानगें' असं लिहिलं नि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवली. मग बोरीला आजोळ असलेल्या एका मुलीनं मानगें थापणीचं सांगितलं, पौषातल्या अवसेला शेतात चिखलाची मगर कशी करतात ते. तास संपला तरी पुस्तकातली मगर नदीतच होती. आता बऱ्याच पुस्तकांच्या मागे अशा चिठ्ठ्या आहेत. बेडकाच्या पुस्तकावर 'बेबो' आहे, ते अक्षर माझ्या नातीचं.

टीचरचं नि माझं एकदा चांगलंच वाजलं. मी घरच्या ट्रंकेतली चाळीस पुस्तकं वाचनालयाला दिली. त्यांनी अकरा ठेवली नि बाकीची नम्रपणे परत केली. म्हणे, कसर लागलीय, टाइप बारीक आहे, मुलं उघडणार नाहीत. धर्माच्या गायीचे दात कोणी मोजतं का? मी दोन बुधवार गेलोच नाही. तिसऱ्या बुधवारी नात म्हणाली, "आजो, तुझ्या पुस्तकाचेर आमचें झगडें जालें." म्हणून बघायला गेलो.

त्या अकरांत भूगोलाचं एक जुनं पुस्तक होतं. त्यात गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश. शेजारच्या नव्या पुस्तकात गोवा हे राज्य. टीचरनी तिसरीला दोन्ही पुस्तकं देऊन विचारलं होतं, यातलं खोटं कुठलं? वर्गात हात वर झाले, दोन तट पडले. नव्याच्या बाजूनं पोरं जास्त, कारण त्याचा कागद गुळगुळीत. मग टीचरनी आतल्या नावाच्या पानामागचं पान उघडायला लावलं. छापल्याचं साल कुठे असतं, ते मुलांनी स्वतः शोधलं. माझं पुस्तक १९८४ चं. गोवा राज्य झालं ३० मे १९८७ ला. म्हणजे तेव्हा तेही खरंच होतं! तेव्हापासून नात घरातल्या प्रत्येक वस्तूचं साल बघते. हळदीचं पाकीट झालं, माझी खोकल्याची बाटली झाली. बाटली टाकून द्यावी लागली.

उणिवा आहेतच. कपाटं भिंतीला टेकवून ठेवलीत. जांभ्याच्या भिंती जूनपासून नुसत्या पाझरतात, गणेश चवथीच्या सुट्टीनंतर उघडलं की पुस्तकांना पांढरी बुरशी. कपाट चार बोटं पुढे सरकवा, मागून वारा फिरू द्या, हे मी दोन पावसाळे सांगतोय. कोंकणी पुस्तकांचा एकच खण, तोही अर्धा रिकामा. मेच्या सुट्टीत कुलूप, आणि पोरांना पुस्तकाची खरी भूक असते ती नेमकी मेमध्ये. उशिराला दंड नाही, फक्त जुनं आणल्याशिवाय नवं मिळत नाही. हे मला मान्य नव्हतं, सरकारी नोकरी केलेला माणूस मी. पण दंडाच्या भीतीनं मुलं पुस्तक न्यायचीच बंद होतात, असं टीचर म्हणतात.

एक मात्र सांगितलंच पाहिजे. गेल्या जूनमध्ये स्कूटरवर नातीचं दप्तर भिजलं, आतलं पुस्तकही. ती रडत शाळेत गेली. टीचरनी ओरडण्याऐवजी तिच्यासमोर रद्दी ठेवली. दर थोड्या पानांमागे रद्दीचा कागद घालायचा, पुस्तक पंख्याखाली वाळवायचं, मग वजनाखाली दाबायचं. फाटलं तर सेलोटेप लावायची नाही, ती पिवळी पडून कागद खाते; पातळ कागद नि खळ वापरायची. पुस्तक जरा फुगलंय, पण आहे. आता नातीची वाचनालयाची कापडी पिशवी आधी प्लॅस्टिकमध्ये जाते.

चौथीच्या मुलांना पणजीला कृष्णदास शामा ग्रंथालय दाखवायला नेतात, १८३२ पासूनची ती संस्था. पण मी अजून चौथीत गेलो नाही, तेव्हा त्याबद्दल लिहीत नाही.

पाचपैकी चार तारे. पाचवा कपाटं सरकवल्यावर.

आणि हो, गेल्या बुधवारी मीही एक पुस्तक घरी आणलं, ५९८ मधलं. वहीत नोंद नातीनं केली, 'आजो, तिसरी'. परतीच्या तारखेचा शिक्का मीच मारला, तो नेमका उलटा बसला.