आधी ग्राफिक्स कार्ड की प्रोसेसर?

खानापूरच्या माझ्या भाच्याकडे आय-५ ७४०० प्रोसेसर आणि ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड असलेला जुना गेमिंग संगणक आहे. यंदा यांपैकी एकच बदलणे परवडेल, म्हणून तो अडला आहे.

आधी निदान करावे. गेमचे रिझोल्यूशन (चित्राची सूक्ष्मता) उतरवल्यावर दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रे) लक्षणीय वाढल्या तर कार्ड अपुरे आहे. आकडा जागचा हलला नाही, तर बहुधा प्रोसेसर.

कार्ड बसवणे सोपे, पण खर्च तेवढ्यावर थांबेलच असे नाही: १०५० टीआय ७५ वॉटवर भागते, नव्या कार्डांपैकी बहुतेकांना स्वतंत्र वीजजोडणी लागते, त्यामुळे एसएमपीएसही (संगणकाला वीज पुरवणारा भाग) बदलावा लागू शकतो, आणि पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालणाऱ्या भागात तो स्वस्तातला मुळीच घेऊ नये.

प्रोसेसरचा खर्च व खटाटोप अधिक, कारण ७४०० सातव्या पिढीचा आहे आणि आठव्या किंवा पुढच्या पिढीच्या प्रोसेसरसाठी मदरबोर्डही नवा लागतो. योग्य बोर्ड निवडल्यास जुनी डीडीआर४ रॅम मात्र चालते. टिकाऊपणात मला हाच पर्याय सरस वाटतो, कारण विंडोज १० चा नियमित आधार (अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ७४०० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

दृश्यप्रधान गेम एकट्याने खेळणाऱ्याने कार्ड घ्यावे. वेगवान ऑनलाइन सामने खेळणाऱ्याने, किंवा बेळगावच्या कॉलेजचा अभ्यासही त्याच यंत्रावर करणाऱ्याने, प्रोसेसर आणि बोर्ड बदलावेत.