जुना दणकट रिसीव्हर घ्यावा की नवा साधा?

होम थिएटरसाठी हाताशी ४० हजारांच्या आतबाहेर पैसे असले की दोन रस्ते दिसतात. एक, दुकानात जाऊन नवा, साधा ५.२ चॅनलचा (पाच स्पीकर आणि खालच्या सुरांच्या दोन सबवूफरची सोय असलेला) रिसीव्हर आणायचा, म्हणजे सगळ्या उपकरणांचा आवाज घेऊन स्पीकरना पोचवणारा डबा. दुसरा, एके काळी लाखाच्या घरात असलेला, आता दहा-बारा वर्षांचा झालेला ७.१ चॅनलचा दणकट रिसीव्हर निम्म्याहून कमी पैशांत सेकंडहँड घ्यायचा. मी दोन्ही रस्त्यांनी जाऊन आलो. आधी जुना घेतला, अडीच वर्षं वापरला, मग नवा आणला. दोन्ही आज घरात आहेत आणि दोन्हींना स्पीकर तेच लावून ऐकलेत, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी सरळ आहे.

हॉल आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये असतो तसाच, १२ बाय १५ फूट. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका अंगाला डायनिंग टेबल आणि पलीकडे आईची खोली. पुढे दोन बुकशेल्फ स्पीकर, टीव्हीखाली सेंटर, मागे भिंतीवर दोन छोटे आणि कोपऱ्यात सबवूफर.

जुन्याची बाजू आधी मांडतो, कारण त्याच्यावर माझा खरोखर जीव होता. वजन १४ किलो. झाकणाच्या जाळीतून आत पाहिलं की भलामोठा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकची रांग दिसायची. व्हॉल्यूमची नॉब फिरवताना हाताला जे वजन लागायचं, ते नव्याच्या प्लास्टिकच्या नॉबला नाही. मागे सातही चॅनलचे प्रीआउट, म्हणजे पुढेमागे वेगळा ॲम्प्लिफायर जोडायची सोय. खोलीचं मोजमाप घेणारं त्याचं कॅलिब्रेशनही नव्यापेक्षा वरच्या दर्जाचं. माईक आठ जागी ठेवून मोजायचं आणि सबवूफरचा घुमारा असा काही आवरायचं, की कोपऱ्यातला डबा हॉलभर पसरल्यासारखा वाटायचा. (कॅलिब्रेशन कोणत्याही रिसीव्हरवर करा, पण पंखा बंद करून आणि रात्री साडेअकरानंतर. पंख्याची घरघर माईक इमानेइतबारे मोजतो आणि खालचे सूर बिघडवून ठेवतो.)

गाण्याला तर जुना उजवाच. रविवारी सकाळी शास्त्रीय गायन लावलं, की मागचा तानपुरा स्वरामागे न दबता वेगळा ऐकू येत राहायचा. नव्यावर आवाज वाढवला की तो किंचित गायकाला चिकटतो. हे मी कुठल्या यंत्रावर मोजलेलं नाही, माझ्या कानांचा कौल आहे.

वॅटच्या आकड्यांवर मात्र फार जाऊ नका. जुना १३० वॅटचा, नवा ८० चा. आकड्यात फरक मोठा, कानाला तो सुमारे २ डेसिबलचा. ताकद दुप्पट केली तरी ३ डेसिबलच वाढतात. शिवाय हे आकडे बहुधा दोनच चॅनल चालू ठेवून काढलेले असतात. माझे स्पीकर एका वॅटला मीटरभरावर ८७ डेसिबल देतात, म्हणजे दहा वॅटला ९७. एवढ्या आवाजात फ्लॅटमध्ये सिनेमा लावला तर वरच्या मजल्यावरून निरोप येतो. उरलेले एकशेवीस वॅट अडीच वर्षं नुसते पडून होते, आणि डबा मात्र तापायचा. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याच्या झाकणावर हात ठेवून दहा आकडे मोजता येत नसत. टीव्ही युनिटची काचेची दारं काढूनच टाकावी लागली.

तरीही हे सगळं मी चालवून घेतलं असतं. निर्णय फिरला तो वेगळ्याच गोष्टीवर, आणि ती आधी माझ्या लक्षात आली नाही, आईच्या आली. रात्री एका ॲपवर एक मुलाखत बघत होतो. ती म्हणाली, "अरे, हा माणूस आधी तोंड हलवतो आणि मग बोलतो." मी म्हटलं, नेट हळू असेल. पण एकदा सांगितल्यावर मलाही ते दिसायला लागलं, आणि मग दुसरं काही दिसेनाच. ओठ मिटायचे आणि शेवटचा शब्द नंतर यायचा. कप बशीवर टेकायचा आणि 'टक्' मागून.

कारण समजून घ्या, कारण जुना रिसीव्हर घेणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत हे येऊ शकतं. २०११ च्या आसपासच्या रिसीव्हरचं एचडीएमआय आजचं संरक्षित फोर-के चित्र पुढे जाऊ देत नाही. त्यासाठी लागणारं एचडीसीपी २.२, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, त्यात नसतं. म्हणून स्ट्रीमिंग स्टिक थेट टीव्हीत लावायची आणि टीव्हीकडून फक्त आवाज रिसीव्हरला आणायचा. तो आणायचे मार्ग दोन, आर्क (एचडीएमआयच्या वायरीतूनच आवाज उलटा आणणं) किंवा ऑप्टिकल (प्रकाशावर आवाज नेणारी वेगळी वायर). माझ्याकडे आर्क अधूनमधून रुसायचा. सेटटॉप बॉक्स चालू केला की रिसीव्हर आपोआप दुसऱ्याच इनपुटवर जायचा, कधी टीव्हीचे स्पीकर बंदच व्हायचे नाहीत. दोष टीव्हीचा की रिसीव्हरचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. कंटाळून ऑप्टिकलवर आलो.

ऑप्टिकलची मर्यादा अशी, की बहुतेक ॲप्सचा सराउंड आवाज डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून बांधलेल्या स्वरूपात येतो आणि तो त्या वायरीतून जातच नाही. टीव्हीला तो उलगडून जुन्या डॉल्बी डिजिटलमध्ये पुन्हा बांधावा लागतो. त्या बांधाबांधीला वेळ लागतो आणि आवाज चित्राच्या मागे पडतो. रिसीव्हरमध्ये लिप-सिंकची सेटिंग असते, हे तुम्हाला माहीत असेलच. मीही आधी तिथेच गेलो. पण ती शून्यापासून पुढेच जाते. रिसीव्हर आवाजाला थांबवून ठेवू शकतो, अजून न पोचलेला आवाज लवकर आणू शकत नाही. आवाज पुढे धावत असेल तर औषध आहे, मागे रेंगाळत असेल तर रिसीव्हरकडे काही नाही.

टीव्हीत आवाजाचं आउटपुट पीसीएम, म्हणजे न बांधलेलं साधं, केलं की ओठ आणि शब्द जुळायचे. पण ऑप्टिकलवर पीसीएम म्हणजे फक्त स्टिरिओ. सराउंडसाठी इतका खटाटोप केलेला, आणि मागचे दोन स्पीकर गप्प. मुलाखतीला पीसीएम, सिनेमाला डॉल्बी, असं रोज मेनूत शिरून बदलत मी चार महिने काढले. मध्ये तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, आवाज वेगळा काढणारा एक छोटा डबाही आणला. त्याने आणखी एक वायर, आणखी एक ॲडाप्टर आणि काळ्या पडद्याचे आणखी काही सेकंद वाढवले.

मागे पडणारा आवाज माणूस खरं तर बराच सहन करतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत आकडे आहेत: आवाज पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांनाच लक्षात येतो, मागे पडला तर सुमारे १२५ पर्यंत लक्षातच येत नाही. ते पटण्यासारखंही आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत लांबच्या पथकाकडे बघा, टिपरू ढोलावर आधी पडलेलं दिसतं आणि ठोका मागून पोचतो. साधारण ३४ मीटरला एक दशांश सेकंद. आपल्या कानांना त्याची जन्मापासून सवय असते. पण समोर नऊ फुटांवर बसून बोलणाऱ्या माणसाचं तसं झालं की मन कथेतून बाहेर येतं. ते बाहेर येणं मला सहन झालं नाही.

नव्यात हा प्रश्न मुळातच उभा राहत नाही. स्टिक, सेटटॉप बॉक्स, ब्लूरे, सगळं रिसीव्हरमध्ये आणि तिथून एकच वायर टीव्हीला. आवाज टीव्हीच्या हाती लागतच नाही. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात थोडा वेळ घालवतो, म्हणजे झालाच तर आवाज पुढे जातो, आणि त्याला थांबवणं रिसीव्हरला जमतं. माझ्याकडे तो आकडा ६० मिलिसेकंदांवर लावला आहे आणि वर्षभरात पुन्हा हात लावलेला नाही. संध्याकाळी आई मालिका लावते तेव्हा रिसीव्हर स्टँडबायला असतो. चित्र-आवाज त्यातून आरपार टीव्हीला जातो आणि ती टीव्हीच्या स्पीकरवर ऐकते. तिला दुसऱ्या रिमोटची गरज पडत नाही, हे मला कॅलिब्रेशनच्या आठ जागांपेक्षा मोठं वाटतं.

नव्याचं उणंही सांगायला हवं. कॅलिब्रेशन बेताचं आहे. सबवूफरची पातळी त्याने चढी ठेवली, ती मी हाताने ३ डेसिबल खाली आणली. प्रीआउट फक्त सबवूफरचे. अशा ५.२ रिसीव्हरमध्ये बहुधा ॲटमॉस, म्हणजे छतातल्या स्पीकरमधून वरूनही येणारा आवाज, नसतो, घेण्याआधी बघून घ्या. स्लॅबला भोकं पाडायची तयारी नसेल तर ती उणीव फारशी जाणवत नाही. ॲपवरचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच बसवलेला असतो, तो ५.१ म्हणून नीट वाजतो. पीओपीचं सीलिंग करायचंच असेल, तर थोडं थांबून सात चॅनलचा नवा घेतलेला बरा.

जुना कोणी घ्यावा? हॉल वीस-बावीस फुटांचा असेल, ४ ओहमचे उभे स्पीकर असतील, सिनेमापेक्षा गाणी जास्त ऐकत असाल, किंवा जुन्या डीव्हीडी-ब्लूरेचा संग्रह हेच खरं खाद्य असेल, तर कदाचित तुम्हाला माझी अडचण येणारच नाही आणि जुनाच जास्त देऊन जाईल. मात्र घेताना तो विकणाऱ्याच्या घरी तासभर चालवून बघा. टेस्ट टोनने एकेक चॅनल ऐका, प्रत्येक एचडीएमआयमध्ये वायर घालून बघा. एचडीएमआयचा बोर्ड गेला तर बारा वर्षं जुन्या मॉडेलचा सुटा भाग मिळणं कठीण. मूळ कॅलिब्रेशन माईक मागून घ्या, तो बहुतेकांनी हरवलेला असतो आणि दुसऱ्या कंपनीचा चालेलच असं नाही. आणि अमेरिकेतला भाचा आपला जुना रिसीव्हर देऊ करत असेल तर मागचा व्होल्टेजचा शिक्का आधी फोटोत मागवा. तिकडचा १२० व्होल्टचा असतो. इथे २३० ला लावला तर पहिल्याच दिवशी जाईल, आणि व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावायचा म्हटला तर तोही चांगलाच जड.

बाकी सगळ्यांना, म्हणजे फ्लॅटमध्ये राहणारे, मुख्यतः ॲपवर बघणारे आणि घरात आणखी चार माणसं टीव्ही लावणारी असतील, त्यांना मी नव्याकडेच वळायला सांगेन. माझा जुना आता आतल्या खोलीत आहे. एचडीएमआय रिकामं, मागे फक्त लाल-पांढरी आरसीए वायर आणि दोन स्पीकर. रविवारचा तानपुरा तिथे वाजतो.