भाच्याला दिलेला ‘मेमॉयर ४४’: बरेच महिने खेळून झाल्यावर

युद्धाचा बोर्ड गेम भेट द्यायचा म्हटलं की लोक आधी खोका बघतात, मग वय, मग किंमत. ताईच्या मुलासाठी शोधत होतो तेव्हा मी दाजींना एकच विचारलं, याच्यासमोर खेळायला बसणार कोण? मुलगा बारा वर्षांचा, एकुलता एक. ताई ऑफिसातून दमून येते, आजींना फाशांचा खडखडाट सोसत नाही. म्हणजे खेळणारे बाप-लेक दोघंच, शनिवार-रविवारी गेलो तर मी. निम्मी निवड तिथेच झाली.

‘रिस्क’ बाद. अल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाचा हा खेळ १९५७पासून चालत आलाय आणि दुकानदार सगळ्यात आधी तोच पुढे करतात. पण त्याची गंमत चार-पाच जणांत, युती करण्यात आणि ती मोडण्यात आहे. (त्या बाबतीत आपल्याकडे खेळाडूंची कमी नाही.) दोघांत तो रटाळ होतो, आणि पाच जण असले तरी जो पहिला बाद होतो तो उरलेला वेळ मोबाइल चाळत बसतो. ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ माझा स्वतःचा लाडका आणि मुळातच दोघांचा. पण शीतयुद्धाचं राजकारण आणि दोन-तीन तासांचा डाव सातवीतल्या पोराच्या गळ्यात कशाला मारायचा?

शेवटी ‘मेमॉयर ४४’ घेतला, तोही दोघांचाच. रिचर्ड बोर्गने रचलेला हा खेळ दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या (फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या) चढाईला ६० वर्षं झाली त्या निमित्ताने ‘डेज ऑफ वंडर’ या कंपनीने २००४ साली काढला. साधारण तासाभरात एक लढाई संपते. शाळेचा अभ्यास आणि झोप यांच्या मध्ये बसतो, हे महत्त्वाचं.

खोक्यात हिरवी दोस्त फौज आणि करडी जर्मन फौज, मिळून १४४ सोंगट्या : पायदळ, रणगाडे, तोफा. शिवाय वाळूची पोती, तारेची कुंपणं. षट्कोनी घरांच्या पटावर जंगल, टेकडी, गाव, नदी यांचे तुकडे मांडून प्रत्येक लढाई उभी करायची. पहिली लढाई पेगॅसस पुलाची. ५-६ जून १९४४च्या रात्री ब्रिटिश मेजर जॉन हॉवर्डच्या तुकडीने ग्लायडरमधून (बिनइंजिनाच्या विमानातून) उतरून काँ कालव्यावरचा पूल घेतला, ती. जर्मनांच्या हाती सुरुवातीला मोजकेच पत्ते असतात, त्यामुळे झोपेतून दचकून उठल्यासारखी त्यांची अवस्था होते. नवख्याला दोस्तांची बाजू द्या, नियम सांगण्यात पंधरा मिनिटं जातील आणि खेळ सुरू.

खरी मजा पत्त्यांत आहे. पट डावा, मधला आणि उजवा अशा तीन भागांत विभागलेला असतो आणि बहुतेक पत्ते त्यातल्या एखाद्या भागातल्याच तुकड्या हलवू देतात. तुमच्या उजव्या बाजूचं पायदळ पुलाच्या तोंडाशी पोचलेलं असतं आणि हातात सगळे पत्ते डावीकडचे. दाजी अशा वेळी गप्प बसून टेबलावर बोटं वाजवतात. भाच्याने ते लगेच हेरलं. बोटं वाजली की तो दाजींच्या त्या अडकलेल्या बाजूवरच चाल करतो! नशिबाचा भाग मोठा आहे, हे घेण्याआधी समजून घ्या. मारा करायचा तो फासे टाकून. फाशाच्या सहा बाजूंपैकी तीन बाजूंनी पायदळाची सोंगटी मरते, रणगाडा दोनच बाजूंनी. ज्यांना निव्वळ डोक्याचा खेळ हवा त्यांनी बुद्धिबळ काढावं. पण चाळिशीतल्या बापाला बारा वर्षांचा मुलगा खरोखर हरवू शकतो तो याच नशिबामुळे, आणि मुद्दाम हरायची वेळ येत नाही.

एका नियमावर मात्र आमच्याकडे भांडण झालं. पायदळाच्या तुकडीत चार सोंगट्या असतात, पण तीन मेल्या तरी उरलेली एक पूर्ण ताकदीनेच लढते. “मामा, तुझा एकच माणूस उरलाय, मग तीन फासे कसे?” प्रश्न बिनतोड होता. मी त्याला नाईक यशवंत घाडगे यांची हकिकत सांगितली. रायगडातल्या माणगाव भागातले, मराठा पलटणीचे. १० जुलै १९४४ला इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. हे एकटे त्या ठाण्यावर चालून गेले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळीने टिपलं आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदूक उलटी धरून ठोकलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. भाचा म्हणाला, “मग यांना चार फासे पाहिजेत.” मूळ संचात भारतीय फौज नाही. त्यामुळे सध्या हिरव्या सोंगट्यांनाच मराठा पलटण ठरवून टेकड्यांचे तुकडे वापरून तो स्वतःची लढाई रचतोय.

जर्मनांची बाजू मुलाने खेळावी का, असं आजींनी विचारलं होतं. नियमपुस्तकातच बाजू बदलून तीच लढाई पुन्हा खेळायला आणि दोन्ही डावांतली पदकं (म्हणजे गुण) एकत्र मोजायला सांगितलंय, तसंच करतो. हिटलर कोण होता हे घरात बोलावं लागतं, ते खेळ सांगत नाही.

तक्रारी : मांडणीला वेळ लागतो, कंटाळा येईपर्यंत. सोंगट्या छोट्या पारदर्शक पिशव्यांत वेगळ्या करून ठेवल्यावर हा त्रास अर्ध्यावर आला. पावसाळ्यात तुकड्यांच्या कडा किंचित उचलल्या आणि धक्का लागला की अख्खं जंगल सरकतं. काही संगिनी पहिल्या दिवशीच वाकड्या होत्या, गरम पाण्यात बुडवून सरळ केल्या. पत्त्यांवर सगळं इंग्रजी आहे, पण वाक्यं लहान. मराठी माध्यमातल्या मुलाला दोन-तीन डाव शेजारी बसून सांगितलं की जमतं. माल परदेशातून येतो, त्यामुळे किंमत दुकानागणिक बदलते. चार ठिकाणी विचारा. मला आलेल्या खोक्याचा कोपरा चेपलेला होता. भेट द्यायची असेल तर निदान आठवडाभर आधी मागवा, म्हणजे बदलून घेता येतो.

ज्या घरात तिसरा-चौथाही खेळायला उत्सुक आहे तिथे हा देऊ नका. दोन संच जोडून आठ जणांत खेळता येतो, पण खर्च दुप्पट. विस्तारसंचांची घाई तर अजिबात नको, मूळ खोक्यातल्या लढाया वर्षभर पुरतात. हे मी दाजींनाही सांगितलं होतं. त्यांनी पूर्व आघाडीचा (जर्मनी-रशिया लढायांचा) संच मागवून टाकलाय, भाच्याच्या वाढदिवसाचं निमित्त करून. वाढदिवसाला अजून चार महिने आहेत.