गाडीतली रेचेल की घरातली ॲना? आधी कोणता चित्रपट बघावा

‘द गर्ल ऑन द ट्रेन’ आणि ‘द वुमन इन द विंडो’ या दोन्ही चित्रपटांत दारूच्या आहारी गेलेली, एकटी पडलेली बाई आहे. दोघी खिडकीतून दुसऱ्यांचे संसार न्याहाळतात आणि पोलीस दोघींवर विश्वास ठेवत नाहीत. संगीतही दोन्हींना डॅनी एल्फमनचंच. तरी एकाच संध्याकाळची सोय असेल, तर टेट टेलरचा ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०१६) आधी लावा. कारण एमिली ब्लंट.

तिची रेचेल उपनगरातून मॅनहॅटनला जाणाऱ्या गाडीत पाण्याच्या बाटलीतून दारू पीत बसते. वाटेत दिसणाऱ्या घरातली मेगन एके दिवशी नाहीशी होते. त्या संध्याकाळी रेचेल त्याच भागात होती, जखमी होऊन घरी परतली, आणि मधले तास कोरे. तिनं काय पाहिलं यापेक्षा आपल्याच हातून काही घडलं का, ही भीती तिला कुरतडते. अतोनात प्यायल्यावर मेंदूत त्या वेळच्या आठवणी नोंदल्याच जात नाहीत, त्यामुळे पूर्ण कोरे तास परत मिळत नाहीत. अर्धवट नोंदलेले तुकडे एखाद्या खुणेनं जागे होऊ शकतात. चित्रपट या तुकड्यांवरच उभा आहे, पण शेवटाकडे ते फार सोयीनं जुळतात, हे मला खटकतं. ब्लंटची अडखळती जीभ आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर स्वतःबद्दलचं मत शोधणारी नजर मात्र कुठेच खोटी वाटत नाही. काळ सतत मागेपुढे होतो, तेव्हा मोबाइल बाजूला ठेवूनच बसा. मूल न होण्याचं दुःख आणि घरातली मारहाण यांचे प्रसंग बोचणारे आहेत, तेही आधी सांगून ठेवते.

जो राइटच्या ‘द वुमन इन द विंडो’मध्ये (२०२१, नेटफ्लिक्स) ॲमी ॲडम्सची ॲना ही बालमानसतज्ज्ञ. बाहेरच्या जगाची तिला इतकी धास्ती की घराचा उंबरा ओलांडवत नाही. समोरच्या घरात जेनला भोसकलेलं ती पाहते. मग जेनचा नवरा म्हणवणारा गॅरी ओल्डमन पोलिसांसमोर जेन म्हणून भलतीच बाई उभी करतो! तो प्रसंग अप्रतिम आहे. ॲनाला आधी स्वतःच्या डोळ्यांची खात्री असते. वाइनबरोबर घेतलेल्या गोळ्या दाखवून इतरच ती खात्री हिरावून घेतात. ब्रुनो डेलबोनेलच्या कॅमेऱ्यातल्या त्या अंधाऱ्या, रंगीत खोल्यांसाठी हा मोठ्या पडद्यावर बघावा असा. शेवट मात्र झटापटीत वाया गेला आहे.

हिंदी ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०२१, परिणीती चोप्रा) पुरेल का? पॉला हॉकिन्सच्या मूळ कादंबरीतलं लंडन तिथे परत येतं, पण नायिकेला अपघातातून आलेल्या स्मृतिभ्रंशाची जोड दिली आहे. त्यामुळे आपल्या व्यसनानंच आठवणी गिळल्या, हे अपराधीपण पातळ होतं. रहस्याची उकल बदललेली आहे, म्हणून इंग्रजी पाहिल्यावरही तो बघता येईल, त्याच्याऐवजी नको.